छाट

दस्तगीरचाचांच्या रद्दीत पुठ्ठ्याचा भाव वेगळा,
कागदाचा वेगळा.
म्हणून काट्यावर चढण्याआधी
पुस्तकाचं कातडं निघायचं.
नाव, चित्र, लेखकाचा फोटो,
सगळं एका झटक्यात,
शेंग फोडावी तसं.
उरलेलं मधलं मी घ्यायचे, आठ रुपये किलो,
आणि कन्ना चौकातून घरापर्यंत न्यायचे
दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली.

घरी अम्मा. मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, कात्रीत ओलं पान.
भिंतीपलीकडं मागाचा खडखडाट,
म्हणून मला ओरडून वाचावं लागे.
अजूनही मनातल्या मनात वाचताना
माझा आवाज मोठाच असतो.

"केवढं हाय गं?"
"दोनशे पानं."
"पानं माझ्याकडं ढीगभर हायत. विड्या सांग."

पहिलं निघालं सावली उसनी देणाऱ्या पोराचं.
त्या राज्यात तीन चंद्र, आणि परत आलेल्या सावलीला
दुसऱ्याच्या घरचा वास.
अम्मानं खरं-खोटं विचारलं नाही.
स्वतःचा पदर नाकाशी नेला.
"मग त्या पोराला कळत आसंल," म्हणाली,
"कुणाच्या चुलीवर काय न्हाई ते."
चारशे विड्या.

मग एक वेढ्याचं. किल्ला, दारूगोळा, फितुरी,
आणि दर चार पानांनी लिहिणारा थांबायचा:
याला पुरावा नाही.
मला कंटाळा. तिला मात्र तो माणूस फार आवडला.
कारखान्यात चेकर असा पाहिजे, म्हणाली,
चांगल्या विड्या छाटीत टाकून
पिशवीतनं घरी नेणारा नको.
पुढं राजाच्या स्तुतीचं प्रकरण आलं, तर
हात न थांबवता: "छाट. फुडं वाच."

मे महिन्यात, पत्रा पेटलेला असताना,
एक बाई एकटीच बर्फाकडं निघाली.
तिच्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा
अम्मा मानेवर ओलं फडकं टाकून बसलेली.
"पोरं कुणाकडं ठिवली तिनं?"
ते कुठंच नव्हतं. मी मागची पानं चाळली, पुढची.
"शेजारणीकडं," मी खोटंच वाचलं.
अम्माला कळलं. तरी म्हणाली, बरं झालं.

आणि तो धावणारा.
शंभर पानं धावला, शेवटी चौथा आला.
"चौथा? मग पुस्तक कशाला लिवलं?"
दोरा दातात धरून ती गप्प.
पंचवीसचा कट्टा बांधला.
"मळ्ळी चदुवु."
मी पुन्हा वाचलं: शर्यत संपलीय,
त्याला बुटाची नाडी सोडवता येत नाहीये,
बोटं सुजलेली,
कुणी अनोळखी पोरगं वाकून सोडवतं.
"मळ्ळी."
त्या दिवशी हजार भरल्या नाहीत.
आठशे चाळीस.

कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं.
आम्ही आमचीच ठेवली:
सावलीवाला, पुरावामामा, बर्फाची अक्का, चौथा.
दस्तगीरचाचांना विचारलं, तर ते
पुठ्ठ्यांच्या ढिगाकडं बोट दाखवायचे.
"नावं तिकडं पडलीत, बेटी. जुळतंय का बघ."
कधी जुळलं नाही. पुठ्ठ्यांची गाडी शनिवारीच जायची.

परवा नव्या पेठेतल्या एका वाचनालयात
मला चौथा सापडला,
कातड्यासकट. नाव, गाव, जन्मसाल,
मागं फोटो: कोट, जाड चष्मा, सुटलेलं पोट.
नाडीचं पान उघडून खात्री केली. तोच.
पुस्तक घेतलं, रिक्षा केली.

अम्मा आता विड्या वळत नाही.
फोटो खिडकीशी नेऊन तिनं बराच वेळ पाहिला.
मी नाव वाचून दाखवलं, मोठ्यानं,
माग बंद पडून किती वर्षं झाली तरी.
"ह्यो न्हवं," म्हणाली. "त्यो बारीक होता.
ह्यो छाट."

मग भिंतीला टेकली,
गुडघ्यावरची रिकामी बोटं
काहीतरी वळायला लागली.
"नाडीपासनं वाच."