सोळा इंचांच्या आत

आर्ने त्वेटन दुकानात आला तेव्हा
मी एका कुत्र्याच्या बिल्ल्यावर फोन नंबर कोरत होते.
बाहेर बिटाचे ट्रक, चाकांना मोंटानाचा निम्मा चिखल.
त्यानं काउंटरवर टॉवेल उलगडला:
रायफलचा खालचा भाग, काळा, रिकामा,
आणि एक कागद, शिक्क्याचा.
'आली परवानगी,' म्हणाला. 'दहा महिने.
एवढ्यात गाय विऊन वासरू उभं राहिलं असतं.'

नळी सोळा इंचांच्या आत आली
की तीच वस्तू दुसरी होते,
तिला फोटो लागतो, कर लागतो, दहा बोटांचे ठसे.
आर्नेकडे बोटं सात.
तीन गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रानं ठेवून घेतली,
आणि डावा हात परत दिला तो
चार इंच कमी.
रिकाम्या चौकोनांत त्यानं लिहिलं: नाहीत.
कागद परत आला. कारण नमूद करावे.
त्यानं लिहिलं: बेलर.

लांब रायफल या हातात मान टाकते.
म्हणून साडेदहा इंच.
नळी मोजायची रीत आहे:
बोल्ट मिटायचा, तोंडातून सळई सोडायची, खूण करायची.
हात कुणी मोजला नाही.

कागदाची वाट बघताना तो स्वयंपाकघरात बसे,
टेबलावर स्प्रिंगा, तेलाची कुपी, ढिगानं कॅटलॉग.
दस्ता खांद्याजवळ आणला, मग आणखी जवळ.
पुढची मूठ कुठलीच बसेना, शेवटी
सुनिव्हाचं लाटणं कापलं त्यानं,
लेफ्साचं, उभ्या खाचांचं,
जे ती कुणाला धुवायलाही देत नसे.
दोन बोटं दोन खाचांत बरोबर बसतात.
दाखवताना तो हसला नाही.

आता नाव कोरायचं. करणाऱ्याचं नाव, गाव, राज्य.
केसाएवढी खोली, तीही कायद्यानं ठरलेली.
'साठ वर्षांत कशावरच माझं नाव नव्हतं,' म्हणाला.
'ट्रॅक्टरवर कंपनीचं, घरावर बँकेचं.'
मग, जरा थांबून: 'तिचं पण घालता येईल?'
येईल, म्हटलं, जागा आहे.
त्यानं खिडकीबाहेर बघितलं.
'नको. तिला असलं काही घरात आवडायचं नाही.'

सुई फिरत होती, आणि मी ते विचारलं
जे गिऱ्हाइकाला विचारू नये:
एकटाच असतोस ना?
'कोयोटे,' म्हणाला तो. 'मार्चमध्ये मेंढ्या वितात.'
मुलगा नॉर्थ डकोटात, चाळीस मैलांवर.
ही रायफल त्या हद्दीपार न्यायची तर आधी अर्ज.
बापाला न्यायला अर्ज लागत नाही.
हे मी बोलले नाही.

माझ्या भावाची सव्वीस इंचांची होती.
तिला कसला शिक्का नाही, कसले ठसे नाहीत,
वाढदिवसाला वडिलांनीच दिलेली.
त्याचं नाव मी पितळेवर कोरलं, याच सुईनं,
आणि एक अक्षर थोडं तिरकं गेलं,
ते अजून तसंच आहे आईच्या कपाटावर.
आर्नेला हे ठाऊक आहे. गाव केवढं!

त्यानं धातूचा भुगा फुंकला,
अंगठा फिरवला नावावरून, दोनदा,
पंचेचाळीस डॉलर मोजले, सुट्टे.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं
तर दाराच्या कडीला पिठाची पिशवी.
आत बोल्ट, सुतळीनं बांधलेला,
आणि बेलरच्या जुन्या बिलामागे पेन्सिलनं:
मेंढ्या वीपर्यंत असू दे तुझ्याकडे.

कुत्र्यांच्या बिल्ल्यांच्या खणात ठेवलाय.
त्याची पावती केलेली नाही.