ठराव क्रमांक सतरा

मंडळाची स्मरणिका काढायची ठरली.
इतिहास तुम्हीच लिहा म्हणाले,
कारण बाकी कुणाला आठवत नाही
आणि ज्यांना आठवायचा ते भिंतीवर आहेत, हार घालून.

तर लिहिते.
स्थापना सीताबर्डीत,
हकीमुद्दीनभाईंच्या चष्म्याच्या दुकानामागची खोली.
सभासद अकरा, कॅमेरे चार.
रेल्वेतले काही, एम्प्रेस मिलमधला एक जॉबर,
सचिव गोळीबार चौकातले मुरलीधर नंदनवार, घरी पाच माग,
आणि मी, कंपाउंडरची मुलगी,
हायपो स्वस्तात मिळेल म्हणून घेतलेली.
इतिवृत्तात मात्र ‘उत्साही महिला सभासद’ असं आहे.

डेव्हलपर वीस अंशांवर हवा, असं डब्यावर छापलेलं.
मे महिन्यात नळाचं पाणीच अडतीस.
मग इतवारीहून बर्फाची लादी,
भुशात गुंडाळून, सायकलच्या कॅरियरवर.
बर्डीपर्यंत येईस्तो निम्मी रस्त्याला पाजलेली.
उरलेल्या निम्मीत आम्ही
फुटाळ्याच्या म्हशी धुतल्या, पिवळी मारबत धुतली,
जॉबरच्या लेकीचं लग्न धुतलं.

जपानात तोकामाची गावी असंच एक मंडळ होतं.
पत्ता कुठल्याशा मासिकाच्या मागच्या पानावर सापडला.
तिथले सचिव कुवाबारा, रेशमाच्या कारखान्यात कारकून.
वर्षाला बारा फोटो जायचे, बारा यायचे, बोटीनं.
तिकडे जानेवारीत पडलेला बर्फ
आमच्याकडे मेमध्ये पोचायचा.
एकदा त्यांनी विचारलं,
तुमच्याकडचे सगळे डोळे बारीक करून का बघतात?
वारा फार असतो का?
नंदनवारांनी कळवलं : ऊन.
त्यांचं इंग्रजी मोडकं, आमचंही,
त्यामुळे जास्तीचं काही लिहिलं जात नसे.

चौसष्ट साली एक नळकांडं आलं,
कस्टमनं फोडून पुन्हा लाखेनं बंद केलेलं.
आत एकच कागद. मोठा. कोरा.
चिठ्ठी नाही.

दोन बैठका त्यावर गेल्या.
हकीमुद्दीनभाई म्हणाले, बर्फ आहे, नुसता बर्फ,
असा फोटो काढायला छाती लागते.
जॉबर म्हणाला, काऊन बाप्पा, एखादा खांब तरी दिसला असता!
शेवटी मतदान.
ठराव क्रमांक सतरा : सदर छायाचित्र बर्फाचे आहे.
बाजूने सहा, विरुद्ध पाच.
पाचातलं एक मत माझं.

फ्रेम करून लावला.
शनिवारपर्यंत तो जांभळा पडला.
फिक्स न केलेला कागद उजेडात असाच होतो
हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.
हकीमुद्दीनभाईंनी चष्मा पुसला, म्हणाले,
तिकडे संध्याकाळ झाली.
कुणी हसलं नाही.

पत्र दिवाळीनंतर आलं, चार गावं हिंडून.
‘परदेशी कागद मिळत नाही असं तुम्ही लिहिलं होतं.
एक पाठवतो आहे. अंधारातच उघडा.
त्यावर काय छापलं ते कळवा.’

नंदनवार वाचून झाल्यावर बराच वेळ
पत्राची घडी बोटांनी दाबत बसले,
मागावर तुटलेलं सूत सांधतात तसे.
उत्तराची कार्बन कॉपी माझ्यासमोर आहे :
‘कागद पोचला. त्यावर तुमच्या गावचा बर्फ छापला.
चांगला आला.’

पुढच्या मेमध्ये बारा फोटो आले, वेळेवर.
एकात कुवाबारा स्वतः,
कमरेइतक्या बर्फात, भर दुपारी, डोळे बारीक करून.
मागे पेन्सिलीनं एकच शब्द.
तो मी इथे पुन्हा लिहीत नाही.

यानंतर सांगण्यासारखं फारसं नाही.
रंगीत आलं, मिलचा भोंगा गेला,
ब्याऐंशीनंतर तोकामाचीहून काही आलं नाही.
त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात.

काल छापखान्यातला पोरगा फ्रेम स्कॅन करत होता.
काच काढली तेव्हा कागद कडेला चिकटून आला,
वांग्याच्या सालीसारखा काळा-जांभळा.
काकू, हे काय होय? म्हणाला, खाली काय टाकू?

माझं मत अजून तेच आहे.
कागद होता तो, साधा, उजेड लागलेला.
विरोधात पाच, हेही छापायला सांगितलंय.

पण त्या चौकटीखाली, म्हटलं, ओळ सोड.
पोरगा म्हणाला, रिकामी?
हाव, म्हटलं. रिकामीच.