सात सेंटिमीटर

लेअरच्या पलीकडे, रस्ता समुद्रबांधाला खेटून वळतो तिथे
हाब्बोच्या आवारात दोघी उभ्या होत्या,
निळी आणि करडी.
दोघी मध्यम. टेम्पो म्हणावं तर लहान,
मोटार म्हणावं तर शेजारी हसतील.

एकतीस वर्षं मी कालव्याची दारं उघडली, मिटली,
पाण्याची पातळी वहीत लिहिली.
सवय जात नाही. कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारून
वही बरोबर नेली होती.

निळी: उंची एक मीटर सत्त्याण्णव.
आमच्या गॅरेजचं दार दोन मीटर. बसते.
पुढच्या खुर्च्या मागे वळतात,
म्हणजे चहा समोरासमोर.
आधीचा मालक दातांचा डॉक्टर, सुट्टीपुरती चालवलेली.
आतून सगळीकडे जाड अस्तर,
दार लागतं ते तोंडावर रुमाल धरून कुणी शिंकावं तसं.

करडी: दोन मीटर सात.
पुढे सलग बाक, तिघांचा. वळत नाही.
आधीचा मालक फरशीवाला,
खाचांतून पांढरी भुकटी अजून निघते.
मागे नुसता पत्रा.
चाकावरच्या कमानीला नाण्याएवढा गंज,
हाब्बो सगळा वेळ नेमका त्याच्यापुढे उभा.
चार हजार युरोंनी स्वस्त. तिच्या रकान्यात एवढंच.

‘कशासाठी हवी?’ हाब्बोनं विचारलं.
वीबकेनं खांदे उडवले.
धंदा कसला नव्हता. पोरं आपापल्या गावी.
‘जायला,’ ती म्हणाली. ‘आणि गेलं की तिथे राहायला.’
कुठे, ते तिनं सांगितलं नाही.
वहीत तसा रकानाही नव्हता.

मग ती निळीत शिरली, आडवी झाली, दार ओढून घेतलं.
दोन मिनिटांनी बाहेर. ‘छान आहे.’
माझ्या बहिणीच्या पडद्यांनाही ती
‘छान आहे’ म्हणाली होती.

करडीत शिरताना तिनं कानांतली यंत्रं काढली,
दोन्ही, माझ्या तळहातावर ठेवली.
शेंगदाण्याएवढी. अजून गरम.
दार लागलं, बादली आपटावी तसं.

तेवढ्यात सर आली. इकडचा पाऊस वरून पडत नाही,
शेतांवरून आडवा चालत येतो.
हाब्बो छपराखाली पळाला. मी तिथेच.
मिटल्या मुठीत यंत्रं कुईकुई करत राहिली,
डोळे न उघडलेल्या पिल्लांसारखी.
दहा मिनिटं. पंधरा.
हाब्बोनं लांबून मनगटाकडे बोट दाखवलं.

मी पत्र्यावर दोनदा वाजवलं.
आतून आलं: टक, टक.

दोन वर्षं मी स्वयंपाकघरातून हाका मारतोय,
जिन्यावरून, बागेतून, तिच्या पाठीमागून.
दोन वर्षांत पहिल्यांदाच
मी दिसत नसताना तिनं मला ओ दिली.

दार सरकलं. केसांत फरशीची भुकटी,
कोटाची पाठ पांढरीफटक.
‘पाठीला ऐकू येतं सगळं,’ ती म्हणाली, जरा मोठ्यानेच.
‘थेंब मोजता येतात.’

हाब्बो धावत आला, भला माणूस:
‘अस्तर मारून देतो, पैसे नकोत,
आवाज पार बंद होईल बघा.’
त्याचे ओठ वाचून ती म्हणाली,
‘हात लावू नका.’

गॅरेजमध्ये आता सायकली आहेत, बटाटे आहेत.
करडी अंगणात, दिवसरात्र उघड्यावर,
गंज नाण्याचा बशीएवढा होत चाललाय.
निळीचा गिअर लोण्यासारखा होता,
हे मी अजून म्हणतो, तिचं लक्ष नसताना.

वारं सुटलं की कधी रात्री
अंथरुणात शेजारची जागा रिकामी असते.
मी बूट चढवतो, बॅटरी घेतो,
अंगणात जाऊन पत्र्यावर दोनदा वाजवतो
आणि भिजत थांबतो.