यार्डातलं शिसं

स्टोव्ह मोरीच्या पलीकडे, पेरूखाली.
ही कढई स्वयंपाकघरात परत येणार नाही,
म्हणून आईनं तिच्या कानाला लाल चिंधी बांधली
ब्याऐंशी साली. चिंधी तीनदा बदलली,
कढई तीच.

पहाटेचे साडेचार. मे महिन्यात भुसावळात
आगीशी बसायचं तर हीच वेळ,
नऊनंतर नुसता पत्रासुद्धा कढईच असतो.

बाबा, कौतिक भोई, मालगाड्यांच्या यार्डात खलाशी.
तुटकी सीलं खिशातून आणायचे,
बटणाएवढी, तारेचा तुकडा अडकलेला,
आणि बल्बखाली धरून वाचायचे:
हे गुंटकलचं. हे कटनीचं.
हे पुसलंय, पण साखर असणार,
तारेला मुंगी चिकटलीय बघ.
डब्याचं दार उघडलं की सीलचं काम संपतं.
मग त्याला तापीत नोकरी.

आधी कडा बसतात, अक्षरं शेवटी.
वर राखाडी साय धरते, ती चमच्यानं बाजूला,
खाली आरसा.
त्यात तोंड बघायचं नाही, वाफ नाकात जाते,
वारा पाठीशी घ्यायचा.
"पान्याचा थेंब नको पडू देऊ, पोरी.
शिशाले पानी दिसलं का ते मानसावर उडतं."
त्यांच्या मनगटावर पाच डाग होते,
एका ओल्या साच्यानं दिलेले.

म्हणून साचा मी आधी तव्यावर भाजते.
दोन विटा, एकमेकींवर घासून सपाट केलेल्या,
मध्ये कोरलेला मासा,
अर्धा हिच्यात, अर्धा तिच्यात.
गळ आत ठेवून विटा तारेनं आवळायच्या
आणि ओतायचं एका दमात.
मध्ये थांबलं
तर माशाच्या पोटात सांधा राहतो.

डोकं आलं, शेपूट नाही. परत कढईत.
दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी पापुद्रे. परत.
सातवा बरा निघाला.
पापुद्रा कानशीनं काढला.
शेपटीला केळीच्या सोपटाचे धागे,
रावेरच्या आत्याच्या मळ्यातले, हळदीत बुडवून वाळवलेले,
लाल दोऱ्याचे सतरा वेढे.
डोळा नेलपॉलिशचा.
बाटली तेजलची, नाशिकला जाताना राहिलेली,
फोनवर विचारलं तर म्हणाली,
आई, तो रंग मला कधीच आवडला नव्हता.
माशाला आवडेल, म्हटलं.

खरं तर मरळ याला भुकेनं धरत नाही.
हतनूरच्या फुगवट्यात, बेशरमीच्या झुडपांपाशी
तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर उकळल्यासारखा हलतो
आणि खाली ती दोघं, नर-मादी, पहाऱ्यावर.
वरून आपला पिवळ्या शेपटीचा गेला
की चिडून येतात.
"पिल्लावरची धरू नको," बाबा म्हणायचे,
"तिचा राग खरा हाये,
आपला मासा खोटा."

तरी एकदा धरली होती.
दोन किलोची, पगार अडकलेल्या महिन्यात.
आम्ही कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली, चांगली लागली.
बाबांनी रस्सा घेतला.
तुकडा घेतला नाही.
आईनं दोनदा वाढायला उलथनं पुढं केलं,
मग तो माझ्या ताटात पडला.

आता सीलं प्लॅस्टिकची असतात म्हणे.
मी टायरवाल्या रियाजकडून
चाकांना लावतात ते तुकडे घेते, किलोवर.
त्यांच्यावर वाचायला काही नसतं,
फार तर दहा, वीस, पंचवीस.

झालं की साबणानं दोनदा, नखांतून,
मगच चहाच्या कपाला हात.
शेजारच्या पोराला कुंपणाबाहेरूनच दाखवायचं,
कितीही रडला तरी.

आज डब्याच्या तळाशी एक जुनं निघालं.
दोन अक्षरं होती, कदाचित तीन.
चष्मा आत राहिला होता,
आणि कढई तापलेली.
टाकलं.

सील बसलं, पसरलं, आरशात मिसळलं.
तार तेवढी वर आली.
लोखंड शिशावर तरंगतं.
चमच्यानं काढेपर्यंत
ती जराशी फिरत राहिली,
वाकडी,
गाठ अजून मारलेली.