पुढील अठ्ठेचाळीस तास

नागपूर आणि परिसर.
आकाश निरभ्र राहील.
वारे उत्तरेकडून, हलके.
किमान तापमानात तीन ते चार अंशांनी घट होण्याची शक्यता.

एवढं लिहून पत्रक पाठवलं, पाच वाजता,
आणि सोनेगावच्या धावपट्टीकडे बघत बसले.
गवत वरून हिरवं, बुडाशी पिवळं.
'शक्यता' हा शब्द मी सतरा वर्षं लिहितेय.
तोही पगारी आहे, माझ्यासारखाच.

खरं तर सकाळीच कळलं होतं.
पांढऱ्या पेटीची झडप उघडली
तर ओल्या थर्मामीटरची मलमल पार आंबलेली, आखडलेली,
दोन पाऱ्यांमधलं अंतर रात्रीतून दुप्पट,
आणि वरचा बाण,
जो महिनाभर कुठेही तोंड करून उभा असायचा,
उत्तरेला रोखलेला. हलेचना.

मग दिवसभर फोन.
लॉनवाले जिभकाटे :
"म्याडम, शुक्रवारी रिसेप्शन हाय. शेकोट्या लावू का कुलर?"
काटोलहून एक बाई, नाव नाही सांगितलं :
"संत्र्याले रंग कधी चढन जी?"
म्हटलं, रात्र सोळाच्या खाली उतरू द्या, दोन-तीनदा.
ती म्हणाली, "उतरवा मंग."
आणि शाळेच्या डब्याच्या सुट्टीतून
कुणाच्या तरी मोबाइलवरून एक बारीक आवाज :
"उद्या स्वेटर कंपल्सरी होणार काय?"
याचं उत्तर आमच्या खात्याकडे नाही, बाळा.

रिंग रोडला तर्रीवाल्यापाशी गर्दी
सकाळची, पण संध्याकाळी.
कोराडीचा धूर वर जायचा सोडून
आडवा झोपलेला, उत्तर टोकाला, राखाडी चादरीसारखा.

घरी हेमराज कूलर उतरवत होते.
टाकीच्या तळाशी बोटभर गाळ,
एक मेलेली पाल,
आणि मार्चपासून हरवलेलं पेचकस,
ज्याच्यावरून आम्ही शेजारच्या आत्राम वहिनींवर संशय घेतला होता.
त्यांनी ते पुसून खिडकीत ठेवलं. बोलले नाहीत.
मीही नाही.
बेसाचा प्लॉट त्यांनी न विचारता विकला
तेव्हापासून घरात मोटरच बोलायची :
उन्हाळाभर घरघर,
पावसात पंखा, ऑक्टोबरात पंखा पाचवर.
त्या आवाजात एक सोय असते.
विचारलेलं ऐकू आलं नाही, असं म्हणता येतं.

रात्री साडेअकराला पंखा बंद केला. त्यांनी की मी,
आठवत नाही.

आणि घर एकदम उघडं पडलं.
भिंतीवरचं घड्याळ, जे मला वाटायचं बंद आहे.
नळाचा थेंब.
त्यांचा घसा.
मग लांबून, अगदी उशाशी, इंजिनाची शिट्टी.

"ही कुठली?"
आठ महिन्यांत पहिलं वाक्य, मीठ-भाजी सोडून.
"अजनी."
"अजनी? इथं? त्रिमूर्तीनगरात?"
मी सांगू लागले. नोकरीची सवय :
थंड हवा जमिनीलगत बसते,
वर उबदार थर राहतो,
आवाज वर निसटत नाही, वाकून खाली येतो,
म्हणून पहिल्या थंडीत...
"हे तुमच्या पत्रकात काहून नाही देत?"
"विचारत नाही कोणी."

पुन्हा शिट्टी. डबे मोजावेत इतकी स्पष्ट.
ते कूस बदलून म्हणाले,
"त्या प्लॉटचं..."
आणि थांबले.
मी घाई केली नाही. अंदाजही बांधला नाही.
पायथ्याशी गोधडी एकच होती,
दुसरी लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांत,
आणि उठायचा कंटाळा
दोघांनाही सारखाच.

सकाळी साडेआठ. नोंद :
किमान पंधरा पूर्णांक दोन.
घट साडेचार अंश.
म्हणजे अंदाज अर्ध्या अंशाने चुकला.
वहीत लाल शाईने लिहिलं, नियमाप्रमाणे,
आणि सही करताना लक्षात आलं
की हाताला अजून
गोळ्यांचा वास येतोय.
म्हणजे रात्री कधीतरी
मी उठले होते.