खाडे

कलेक्टर कचेरीच्या भिंतीलगत माझं टाइपरायटरचं टेबल,
वर फ्लेक्सचं छप्पर, मागच्या निवडणुकीतलं.
पिंपरी कॅम्पातून आल्या हेमीबाई लखवाणी.
पिशवीला पापडखाराचा वास, पासपोर्ट हिरवा,
आणि गुंडाळी करून आणलेलं दुधाचं कॅलेंडर.

अर्जाआधीचे बारा महिने इथेच हवेत, सलग.
मधे खंड पडला तर तीस दिवसांपर्यंत माफी,
तीही साहेबांना पटलं तर. कारण लेखी.

मी शिक्के पाहिले. वाघा, जाताना. वाघा, येताना.
पेरांवर मोजले, मग त्यांच्या कॅलेंडरवर:
त्या नव्हत्या तेव्हा मुलानं दूध अर्धा लिटर केलेलं,
रोजच्या चौकटीत अर्ध्याची खूण.
मग पुन्हा पेरांवर, कुठे तरी चुकलो असेन म्हणून.
एक्केचाळीस.

"डॉक्टर बोलला होता, दोन-तीन हप्ते.
आई चिवट निघाली," म्हणाल्या,
हसल्या, आणि ओढणी तोंडाशी धरली.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात,
अजून सुट्टी लागली की बार्शीला "घरी" जातो.
माझे खाडे कोण मांडतो?

टाइप केलं: मातोश्रींचे आजारपण.
वरचे अकरा दिवस कुठल्या ओळीत बसवू सुचेना.
कागद तसाच यंत्रात.

"नाहीच झालं तर?"
तर परत एकपासून मोजायचं, बाई. बारा महिने. कुठे जायचं नाही.

त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी केली, रबर लावलं.
"बाबा आहेत तिकडे अजून," म्हणाल्या.