मुक्काम

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा मावत नाही.
एक टोक पोळपाटाखाली दाबलंय,
दुसरं लोणच्याच्या बरणीखाली.
म्हणजे मोरकॅम्बचा समुद्र पोळपाटानं झाकला
आणि ब्रिडलिंग्टनच्या किनाऱ्याला
कैरीचं तेल लागलं.

एकशे सत्तर मैल, ग्वेन म्हणते. चार दिवस. होऊन जाईल.
ग्वेन एकसष्टची. तीस वर्षं टपाल वाटलंय तिनं लँकेस्टरच्या चढांवर.
तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं की वाटतं, होईल.
मग मी माझ्या पाहते.

मी शेवटची सायकल चालवली इचलकरंजीत.
बाळू आवटीच्या दुकानातली, तासाला आठ आणे,
दांडीखालून पाय घालून, कैची मारत.
ब्रेक म्हणजे चपला.
त्याला अडतीस वर्षं झाली.

सेटलच्या पुढे उंचीच्या रेषा
एकमेकींना इतक्या खेटून आल्यात
की वाटावं, कुणी शेवया वाळत घातल्यात.
इथे उतरून ढकलायची, मी म्हणते.
ग्वेन तिथे पेन्सिलीनं एक बारीक फुली मारते,
नाही म्हणत नाही.
क्लाइव्हचा गुडघा गेलाय, तो व्हॅन चालवणार:
ट्यूबा, पंप, केळी,
आणि माझे राजगिऱ्याचे लाडू,
ज्यांना तो पक्ष्यांचं खाणं म्हणतो आणि चार खातो.

वर्गणी मात्र मला मागता येते.
गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार हिंडलेली मुलगी आहे मी,
मैलाला दहा पेन्स म्हणजे काय मोठं?
पेनी स्ट्रीटवरच्या खाटकानं वीस पौंड दिले,
सुरी पुसली, आणि विचारलं,
बेघर मुलं? इथे? मला तर कधी दिसली नाहीत.

दिसत नाहीत.
मलाही दिसली नव्हती,
आणि मी रोज दोनशे मुलांना जेवण वाढते.
उकडलेले वाटाणे, बटाटे, मंगळवारी मासा.
ती रस्त्यावर नसतात.
बस अड्ड्यामागच्या स्वस्त हॉटेलात असतात, एका खोलीत चौघं,
किटलीत नूडल्स,
आणि दर शुक्रवारी आईच्या फोनवर येणारा निरोप,
की सोमवारी इथेच, की दुसरीकडे.

ब्रायोनी तिसरीत आहे.
तिच्या दप्तरात पुस्तकांबरोबर टूथब्रश असतो,
एक मोजा, आणि चार्जर, जो कशालाच लागत नाही.
काल तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली,
मिस, तुम्ही सायकलवरून लांब जाणार ना?
म्हटलं, हो. पार दुसऱ्या समुद्रापर्यंत.
रात्री कुठे झोपणार?
मी सांगितलं. सगळं ठरलंय, खोल्यासुद्धा घेऊन ठेवल्यात:
पहिली रात्र सेटल, दुसरी रिपन, तिसरी पॉक्लिंग्टन.
तिनं ती नावं हळूच पुटपुटून पाहिली.
मग विचारलं,
आणि परत आल्यावर? त्याच घरात येणार?

मागे रांग थांबली होती.
मी तिला वाटाणे वाढले. पुन्हा वाढले.
तिला वाटाणे आवडत नाहीत, मला ठाऊक आहे.

आज ग्वेननं तक्ता लिहून पाठवलाय:
तारीख, मैल, चढ, मुक्काम.
शेवटच्या ओळीत मुक्कामाच्या रकान्यात तिनं
नुसती एक आडवी रेघ ओढलीय,
कारण त्या रात्री आम्ही घरी.
एवढी उघड गोष्ट की लिहायचीही गरज नाही.
मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले.
पोळी करपली.

पहाटे साडेपाचला लून नदीच्या काठावर
कुणी नसताना सराव करते.
उसनी सायकल, उसनं हेल्मेट, खाली सलवार, घोट्याला रबरबँड.
ही बायकांची सायकल, मध्ये दांडीच नाही,
तरी चढताना उजवा पाय
आधी दांडीखालची जागा शोधतो.
डगमगते. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा
बाजूला होतो, जरा जास्तच बाजूला.
शंभर यार्ड.
मग पुलापर्यंत.
मग पुलावरून वळायचं, ते अजून जमत नाही,
उतरते, सायकल हातानं फिरवते,
आणि तोंड घराकडे करून
पुन्हा चढते.